पोट बाहेर असलेला जीव: बुरशी स्टार्च कसा पचवते

पावाचा तुकडा चार दिवस डब्यात विसरला की त्यावर हिरवट-काळी मखमल उगवते. आपण नाक मुरडतो, तुकडा फेकतो आणि विषय संपतो. पण त्या मखमलीकडे जरा नीट पाहा. तिला तोंड नाही, दात नाहीत, जठर नाही. तिच्यासमोर आहे स्टार्च, म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू एकमेकांना जोडून बनलेला अजस्र रेणू. बुरशीच्या पेशीभोवती भक्कम भिंत असते आणि त्या भिंतीतून एवढं धूड आत जाणं शक्यच नसतं. मग ती जेवते कशी?

ती आधी पचवते आणि मग खाते. आपण घास आत घेतो आणि आतमध्ये त्यावर पाचकरस सोडतो. बुरशीचा क्रम उलटा. ती पाचकरस अंगाबाहेर सोडते, अन्न असेल तिथेच त्याचा चुरा करते आणि तयार झालेली साखर शोषून घेते. तिचं पोट तिच्या अंगाबाहेर असतं म्हणा ना.

ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की या विषयातलं बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं, असं माझं मत आहे. बुरशीची विकरं इतकी दणकट का असतात, ती आंबट वातावरणात का चालतात, आणि माणसाला ती इतक्या स्वस्तात कशी मिळाली, या सगळ्याचं मूळ त्या बाहेरच्या पोटात आहे.

(विकर म्हणजे एन्झाइम. एखादी ठरावीक रासायनिक क्रिया कित्येक पटींनी वेगाने घडवून आणणारं आणि स्वतः न संपणारं प्रथिन. शाळेच्या पुस्तकात हा शब्द होता, पुढे कुठेतरी हरवतो.)

आधी स्टार्चची ओळख

वनस्पती उन्हात ग्लुकोज तयार करतात, पण ते तसंच साठवून ठेवत नाहीत. सुटं ग्लुकोज पाण्यात विरघळतं आणि पेशीत पाणी ओढून घेतं; कोठारात भरायला असा माल गैरसोयीचा. म्हणून वनस्पती ग्लुकोजच्या माळा ओवतात. या माळा दोन प्रकारच्या. अमायलोज ही जवळपास सरळ माळ, मळसूत्रासारखा पीळ घेतलेली. अमायलोपेक्टिन मात्र झाडासारखं फांद्या फुटलेलं. साधारण २४ ते ३० मण्यांमागे एक फांदी. नेहमीच्या धान्यांत आणि कंदांत ढोबळमानाने पाव हिस्सा अमायलोज असतं, बाकी सगळं अमायलोपेक्टिन.

मण्याला मणी जोडणाऱ्या दुव्याला रसायनशास्त्रात अल्फा-१,४ म्हणतात, आणि फांदी फुटते तिथल्या दुव्याला अल्फा-१,६. हे आकडे म्हणजे ग्लुकोजमधल्या कार्बनचे क्रमांक. कितव्या कार्बनला कितवा जोडलाय एवढंच ते सांगतात. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील. ‘अल्फा’ हा शब्दही शोभेचा नाही. लाकडातलं सेल्युलोजसुद्धा ग्लुकोजचंच बनलेलं असतं, फक्त तिथला दुवा बीटा असतो, आणि तेवढ्या फरकामुळे स्टार्च कापणारं विकर सेल्युलोजला शिवतही नाही.

या माळा वनस्पतीच्या पेशीत सैल पडलेल्या नसतात. त्या दाबून, थरावर थर रचून त्यांचे कण बनलेले असतात. तांदळातले कण जेमतेम ३ ते ८ मायक्रोमीटरचे, तर बटाट्यातले मोठे कण १०० मायक्रोमीटरपर्यंत जातात. थंड पाण्यात हे कण विरघळत नाहीत, नुसते तळाशी बसतात. पाणी तापवत नेलं की साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते फुगतात, फुटतात आणि खळ तयार होते. खळ झाली की माळा मोकळ्या होतात आणि विकराला त्यांच्यापर्यंत पोचता येतं. शिजवलेला स्टार्च कच्च्यापेक्षा झटकन पचतो तो यामुळे.

आता दुव्याचा चिवटपणा पाहा. तत्त्वतः नुसत्या पाण्यानेही हा दुवा तुटतो. पण विकराशिवाय, साध्या तापमानाला, अशा दुव्यांपैकी अर्धे तुटायला काही दशलक्ष वर्षं लागतील असा हिशेब आहे. तेच काम विकराचा एकेक रेणू सेकंदाला शेकडो वेळा करतो. पावावरच्या त्या मखमलीने काय चालवलंय, याचा यावरून अंदाज यावा.

एक मधूनच तोडतो, दुसरा टोकापासून सोलतो

स्टार्च पचवणाऱ्या विकरांना एकत्रितपणे अमायलेज म्हणतात. बुरशीकडे त्यातली मुख्य दोन असतात आणि त्यांच्या कामाच्या पद्धती अगदी वेगळ्या आहेत.

पहिलं अल्फा-अमायलेज. ते माळेत मधेच कुठेही शिरतं आणि अल्फा-१,४ दुवा तोडतं. क्रम नाही, टोकाची वाट पाहणं नाही. दाट खळीत हे विकर टाकलं तर काही मिनिटांत खळ पाण्यासारखी पातळ होते. गंमत म्हणजे चाखून पाहिली तर ती अजून फारशी गोड लागत नाही. खळीचा दाटपणा येतो लांबलचक माळांच्या गुंत्यामुळे, आणि गुंता सुटायला थोडेच घाव पुरतात. गोडवा येतो सुट्या साखरेमुळे, आणि त्यासाठी हजारो घाव घालावे लागतात. पातळ होणं आणि गोड होणं हे एकाच कामाचे दोन वेगळे टप्पे आहेत. पुढे कारखान्यांतही हे टप्पे वेगवेगळ्या टाक्यांत विभागले गेले.

दुसरं ग्लुकोअमायलेज. याची शिस्त कडक. ते माळेच्या एकाच ठरावीक टोकाला धरतं आणि मक्याच्या कणसाचे दाणे सोलावेत तसा एकेक ग्लुकोज सुटा करत आत सरकतं. वाटेत फांदीचा अल्फा-१,६ दुवा आला तर तोही तोडतं, पण तिथे त्याची गती कितीतरी पटींनी मंदावते. अल्फा-अमायलेजला मात्र फांदीचा दुवा तोडताच येत नाही. तिथे ते थांबतं आणि फांदीचे खुंट मागे उरतात. या खुंटांना डेक्स्ट्रिन म्हणतात.

दोघं एकत्र असले की काम नुसतं दुप्पट होत नाही, त्याहून पुढे जातं. अल्फा-अमायलेजच्या प्रत्येक घावाने माळेचं एक नवं मोकळं टोक तयार होतं, आणि मोकळं टोक हीच तर ग्लुकोअमायलेजची गरज. एकजण तोडत जातो आणि दुसऱ्याला सोलायला टोकं पुरवत राहतो. शेवटी हाती येतं ते जवळपास शुद्ध ग्लुकोज. सोबत अल्फा-ग्लुकोसिडेज नावाचं तिसरं विकर असतं. दोन ग्लुकोजची जोडी म्हणजे माल्टोज, त्यासारखे छोटे तुकडे तोडून ते उरलंसुरलं आवरतं.

हे सगळं डोळ्यांनी पाहायची एक जुनी युक्ती आहे: आयोडीन. अमायलोजच्या मळसूत्रात आयोडीनचे अणू रांगेने जाऊन बसतात आणि गडद निळा रंग येतो. माळा तुटत गेल्या की बसायला लांब मळसूत्र उरत नाही. मग रंग आधी जांभळा, मग तांबूस होतो आणि शेवटी निव्वळ आयोडीनचा पिवळसरपणा उरतो. दर दोन मिनिटांनी एक थेंब काढून पांढऱ्या बशीत आयोडीनवर टाकत गेलं, तर रेणू तुटताना दिसतात म्हणायला हरकत नाही. मला विचाराल तर जीवरसायनशास्त्राची गोडी लावायला इतका स्वस्त प्रयोग दुसरा नाही.

आतली यंत्रणा थोडक्यात सांगतो. बुरशीच्या अल्फा-अमायलेजची साखळी ४७८ अमिनो आम्लांची असते आणि तिची घडी पिंपासारखी पडलेली असते. पिंपाच्या तोंडाशी एक खाच, खाचेत माळ आडवी बसते. तिथे तीन आम्लधर्मी अमिनो आम्लं टपून असतात. त्यातलं एक दुव्याला प्रोटॉन देतं, दुसरं तुटलेल्या तुकड्याला क्षणभर पकडून ठेवतं, मग पाण्याचा रेणू येऊन त्याची सुटका करतो. शिवाय घडी टिकवायला कॅल्शियमचा एक आयन लागतो. तो काढून घेतला की विकर ढिलं पडतं. ग्लुकोअमायलेजची घडी वेगळी आणि पद्धतही वेगळी. त्यात मधलं पकडून ठेवणं नाही, पाणी थेट पलीकडच्या बाजूने येऊन आदळतं. काम तेच, पण उत्क्रांतीने दोन स्वतंत्र वाटांनी शोधलेलं.

उघड्यावर संसार

आता पुन्हा त्या बाहेरच्या पोटाकडे. आपल्या शरीरात विकरांचे लाड असतात. तापमान ठरलेलं, आम्लता ठरलेली, पाणी भरपूर. बुरशीचं विकर मात्र पेशीबाहेर पडलं की उघड्यावर पडतं. तिथे ऊन, कोरड, आजूबाजूच्या जिवाणूंनी सोडलेली प्रथिनं तोडणारी विकरं, आणि काही वेळा खुद्द बुरशीने केलेलं आम्ल. काळी बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस नायगर सायट्रिक आम्ल इतकं करते की जगातलं बहुतेक औद्योगिक सायट्रिक आम्ल तिच्याकडूनच घेतलं जातं. तिचं ग्लुकोअमायलेज ४.५ च्या आसपासच्या पीएचला उत्तम चालतं यात नवल नाही. याच बुरशीकडे आम्लात टिकणारं एक खास अल्फा-अमायलेजही असतं.

टिकून राहण्यासाठी बुरशी आणखी एक गोष्ट करते. विकर बाहेर सोडण्याआधी पेशीच्या आतल्या कारखान्यात त्यावर साखरेच्या छोट्या साखळ्या चिकटवल्या जातात. त्यामुळे प्रथिनाची घडी टिकते आणि तोडफोड करणाऱ्या विकरांना सहज हात घालता येत नाही. स्टार्चमधून साखर मोकळी करणाऱ्या विकराला साखरेचंच चिलखत! ग्लुकोअमायलेजच्या एका भागात ही साखर इतकी दाट असते की तो भाग ताठ दांड्यासारखा राहतो. दांड्याच्या एका टोकाला कापणारा भाग आणि दुसऱ्या टोकाला स्टार्च धरणारा वेगळा तुकडा.

हा धरणारा तुकडा मला फार आवडतो. तो काहीच कापत नाही. त्याचं काम फक्त स्टार्चच्या कणाला चिकटून राहणं, म्हणजे कापणारं तोंड कणाजवळच राहील. बंद पोटात याची एवढी गरज पडत नाही. तिथे विकर जाऊन जाऊन जाणार कुठे? उघड्यावर मात्र पावसाच्या एका सरीने सगळी मेहनत वाहून जाऊ शकते. हा तुकडा नसलेलं ग्लुकोअमायलेज शिजलेली खळ व्यवस्थित पचवतं, पण कच्च्या कणापुढे दुबळं पडतं.

विकर बाहेर पडतं ते मुख्यतः तंतूच्या वाढत्या टोकातून. बुरशीचं शरीर म्हणजे बारीक तंतूंचं जाळं, आणि ते टोकालाच वाढतं. टोकाशी विकरांनी भरलेल्या पिशव्यांचा घोळका जमलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा ठिपका दिसतो आणि त्याला जर्मन नाव आहे, स्पिट्झेनकॉर्पर, म्हणजे शब्दशः ‘टोकाचा गोळा’. तंतू पुढे सरकतो, समोरचं अन्न मऊ करतो, त्यात घुसतो, पुन्हा विकर सोडतो. पावावरची बुरशी वरवर खरवडून काढली तरी तंतू आत खोलवर गेलेले असतात ते असे. काही बुरशा विषारी द्रव्यंही तयार करतात, म्हणून असा पाव खरवडून खाऊ नये.

प्रथिन बनवणं महाग असतं. समोर स्टार्च नसताना अमायलेज ओतत राहणारी बुरशी फार दिवस तगणार नाही. पण पेच असा की स्टार्च आत येऊ शकत नाही, मग तो बाहेर आहे हे आत कळणार कसं? बुरशी थोडंसं विकर कायम बाहेर सोडत असते, चाचपणीसाठी. स्टार्च असेल तर त्याचे बारीक तुकडे सुटतात आणि आत येतात. माल्टोज आणि त्याचा भाऊबंद आयसोमाल्टोज या दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या हा निरोप पोचवतात. निरोप मिळाला की अ‍ॅमआर नावाचं प्रथिन अमायलेजची जनुकं जोमाने चालू करतं. आणि सुटं ग्लुकोज मुबलक झालं की क्रिए नावाचं दुसरं प्रथिन तीच जनुकं दाबून टाकतं. ताटात वाढलेलं असताना चूल कोण पेटवेल?

नाव दिलं बार्लीने, धंदा नेला बुरशीने

स्टार्चची साखर करता येते हे १८११ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्कहॉफ यांनी दाखवलं, पण त्यांनी ते सल्फ्युरिक आम्लात उकळून केलं. १८३३ मध्ये फ्रान्समध्ये पायेन आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या बार्लीतून, म्हणजे माल्टमधून, स्टार्चचं विघटन करणारा पदार्थ वेगळा काढला. ‘वेगळं करणं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला ‘डायस्टेज’ नाव दिलं. पुढे त्या नावाचं शेपूट सगळ्यांनाच लागलं: अमायलेज, लायपेज, प्रोटिएज. विकरांच्या नावाचा हा ‘-एज’ तिथून आला.

युरोप असा माल्टवर अवलंबून असताना पूर्व आशियात शतकानुशतकं वेगळाच मार्ग चालत आला होता. तिथे धान्याला मोड आणण्याऐवजी त्यावर बुरशी वाढवत. चीनमध्ये रायझोपससारख्या बुरशा, जपानमध्ये कोजी. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीचे बीजाणू भुरभुरून, उबदार दमट खोलीत सुमारे दोन दिवस वाढवलेली बुरशी. ‘ओरायझी’ म्हणजेच भाताची. तांदूळ उकडत नाहीत, वाफवतात, कारण दाणा बाहेरून कोरडा आणि आतून मऊ हवा असतो. मग तंतू ओलाव्याच्या मागे आत घुसतात. साके बनवताना त्याच भांड्यात एकीकडे बुरशीची विकरं स्टार्चची साखर करतात आणि दुसरीकडे यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल. साखर साचत नाही, त्यामुळे यीस्ट गुदमरत नाही आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं.

हे ज्ञान घेऊन जोकिची ताकामिने अमेरिकेत गेले. जन्म १८५४ चा, आईचं माहेर साके बनवणाऱ्यांचं, शिक्षण रसायनशास्त्राचं. इलिनॉयमधल्या पिओरिया गावी त्यांनी व्हिस्कीसाठी माल्टऐवजी कोजी वापरून दाखवायचं ठरवलं. माल्टवाल्यांना ते रुचणं शक्यच नव्हतं. विरोध झाला, पुढे कारखाना आगीत गेला. ताकामिने यांनी मग दारूचा नाद सोडला आणि बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवून तिचं विकर पाण्यात काढलं, अल्कोहोलने खाली बसवलं, सुकवलं आणि भुकटी केली. १८९४ चं त्यांचं पेटंट हे सूक्ष्मजीवापासून मिळवलेल्या विकराचं अमेरिकेतलं पहिलं पेटंट मानतात. पार्क-डेव्हिस कंपनीने ती भुकटी ‘टाका-डायस्टेज’ नावाने अपचनावरचं औषध म्हणून विकली. पाचक औषधांच्या बाटलीवर आजही ‘फंगल डायस्टेज’ वाचायला मिळतं, ते याच घराण्यातलं. हेच ताकामिने पुढे अ‍ॅड्रेनलिन शुद्ध रूपात वेगळं करण्यासाठी जास्त प्रसिद्ध झाले. अपचनाच्या भुकटीला तेवढी कीर्ती कुठून मिळणार!

त्यांची अक्कल कोंड्यात होती. विकर बाहेर सोडणारा जीव असेल तर पेशी फोडायला नको, आतला राडा गाळायला नको. बुरशी कोंड्यावर वाढवा, पाणी घाला, गाळा. प्राण्याच्या स्वादुपिंडातून विकर काढणाऱ्याला हे सुख नाही. आज अ‍ॅस्परजिलस नायगरच्या निवडक वाणांकडून टाकीतल्या एका लिटरमागे २० ग्रॅमहून जास्त प्रथिन बाहेर सोडून घेतलं जातं.

कोजीबद्दल एक कोडं मात्र बराच काळ होतं. तीच बुरशी तांदळावर वाढवली की ग्लुकोअमायलेज भरपूर देते आणि पाण्यात बुडवून वाढवली की हात आखडता घेते. जपानी संशोधकांना १९९० च्या दशकात याचं उत्तर सापडलं. या बुरशीकडे ग्लुकोअमायलेजची दोन वेगळी जनुकं निघाली. एक पाण्यातल्या वाढीत चालतं, आणि दुसरं मुख्यतः घन दाण्यावर, जिथे पाणी कमी, ऊब जास्त आणि तंतूला वाट काढायला समोर अडथळा असतो. कारागीर पिढ्यान्‌पिढ्या खोलीची ऊब, दाण्याचा ओलावा आणि थराची जाडी जपत आले, त्यात नकळत एक जनुक जागं ठेवलं जात होतं. २००५ मध्ये या बुरशीचा पूर्ण जनुकसंच जाहीर झाला, तेव्हा त्यात अल्फा-अमायलेजच्या जनुकाच्याही तीन प्रती मिळाल्या.

आता शंका येईल ती सुरक्षिततेची. अ‍ॅस्परजिलस ओरायझीचा अगदी जवळचा नातेवाईक अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. तो धान्यावर अफ्लाटॉक्सिन हे घातक विष तयार करतो. ओरायझी ते करत नाही. विषाची जनुकं तिच्यात आहेत पण मोडलेल्या किंवा मुक्या अवस्थेत. तरी घरी डब्यात उगवलेली हिरवी बुरशी यातली कोणती हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे विसरू नये. अन्नात वापरलं जाणारं विकर जिवंत बुरशीपासून गाळून वेगळं केलेलं असतं. खरा धोका वेगळ्याच माणसांना आहे. पिठात मिसळलेल्या अमायलेजची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेल्याने बेकरीतल्या कामगारांना दमा होऊ शकतो, आणि हा व्यवसायजन्य आजार म्हणून ओळखला जातो. विकर हे प्रथिन आहे. ताटात निरुपद्रवी असलं तरी फुप्फुसाला ते परकंच.

बेकरीत आणि टाकीत

पिठात हे विकर घालतात तरी कशाला? दळताना स्टार्चचे काही कण फुटतात. फुटलेल्या कणांवर अमायलेज चढतं, माल्टोज सुटतं, यीस्टला खाऊ मिळतो आणि कणीक फुगते. वर कवचाला तांबूस रंगही येतो. इथे बुरशीच्या अल्फा-अमायलेजचा एक ‘दोष’ गुण ठरतो: त्याला उष्णता सोसत नाही. भट्टीत पाव तापत जातो तसं ते लवकर निकामी होतं, कण फुगून त्यांची खळ व्हायला लागेपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो. उष्णतेला दाद न देणारं जिवाणूंचं अमायलेज बेताबाहेर पडलं तर ते खळ झालेला स्टार्चही तोडत बसतं, आणि पाव आतून चिकट होतो. सुरीला लगदा लागतो.

ग्लुकोजच्या कारखान्यात हिशेब उलटा. तिथे आधी उष्णताच हवी, कारण कण फुटायला हवेत. म्हणून पहिल्या टप्प्याला जिवाणूंचं अल्फा-अमायलेज लावतात. स्टार्चची लापशी १०५ अंशांच्या आसपास काही मिनिटं आणि मग ९५ अंशांना तास-दोन तास. ती पातळ झाली की ६० अंशांपर्यंत थंड करून, आम्लता वाढवून, बुरशीचं ग्लुकोअमायलेज घालतात. एक ते तीन दिवसांत ९५ टक्क्यांच्या वर ग्लुकोज तयार. किर्कहॉफ यांच्या आम्लाच्या पद्धतीत रंग काळवंडायचा, कडवट उपपदार्थ बनायचे. १९६० च्या दशकापासून विकरांनी ती पद्धत मागे सारली.

हे ९५ टक्के १०० का होत नाहीत याचं कारण मजेशीर आहे. ग्लुकोज फार दाटलं की तेच विकर उलटं चालू लागतं आणि सुट्या मण्यांना पुन्हा जोडून आयसोमाल्टोज बनवू लागतं. विकर क्रियेला वेग देतं, दिशा देत नाही. बुरशीला ही अडचण सहसा येत नाही, कारण ती तयार झालेली साखर लगेच शोषून घेते. टाकी पोट झाली, पण शोषून घेणारी आतडी तिला नाहीत.

यीस्ट हीसुद्धा बुरशीच, पण पाव-दारूतल्या नेहमीच्या यीस्टला अमायलेज नसतं. ती आयत्या साखरेवर जगते. तिच्याच एका उपप्रकाराला, डायस्टॅटिकसला, स्वतःचं ग्लुकोअमायलेज आहे. बिअरमध्ये ती चुकून शिरली, तर बाटली बंद केल्यावरही उरलेली डेक्स्ट्रिनं पचवत राहते, आत वायू साचत जातो आणि बाटल्या फुटतात.

कच्च्या कणाचं काय

एक प्रश्न उरतो. कारखान्याला १०५ अंशांची वाफ लागते, पण ओलसर कोठारात पडलेल्या धान्यावरची बुरशी साध्या तापमानाला कच्चे कण फस्त करते. ते कसं?

सूक्ष्मदर्शकाखाली अशा कणाला भोकं पडलेली दिसतात, भुंग्याने लाकूड पोखरावं तशी. धरणाऱ्या तुकड्यासह ग्लुकोअमायलेज एकेका जागी चिकटून आत आत खणत जातं. रायझोपसचं ग्लुकोअमायलेज यात विशेष तरबेज. गंमत म्हणजे त्याचा धरणारा तुकडा साखळीच्या सुरुवातीला असतो, अ‍ॅस्परजिलसचा शेवटी. शिवाय २०१४ च्या सुमारास आणखी एक हत्यार उघडकीस आलं. काही बुरशा तांब्याचा अणू धरलेलं एक विकर सोडतात. ते पाण्याच्या मदतीने दुवा सोडवत नाही. ते ऑक्सिडीकरण करून माळ मोडतं, तेही दाट रचलेल्या भागात, जिथे अमायलेजला खाच उघडून शिरायला जागा नसते. तो भाग विस्कटला की बाकीच्यांना आत जायची वाट मिळते.

इंधनाचं इथेनॉल बनवणाऱ्या काही कारखान्यांनी आता हाच मार्ग धरला आहे. धान्याचं पीठ न शिजवताच पाण्यात कालवतात, कच्चे कण खाणारी बुरशीची विकरं आणि यीस्ट एकदमच घालतात आणि टाकी ३२ अंशांच्या आसपास ठेवतात. ग्लुकोज सुटतं तसं यीस्ट ते उचलते. साचायला काही उरतच नाही, त्यामुळे विकराला उलटं चालायची संधीही मिळत नाही.